घरच्या कॉम्प्युटरवर क्रिप्टो मायनिंग : आधी वीजबिलाचा हिशेब

मे महिन्यात अकोल्यात दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. बारावीची परीक्षा देऊन माझा भाचा सुट्टीला आला होता. मी घरीच कॉम्प्युटरचे वर्ग घेते, त्या खोलीत तो दिवसभर पंख्याखाली बसलेला असायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मावशी, तुझे हे कॉम्प्युटर रात्रभर नुसते पडून असतात. त्यांच्यावर बिटकॉइन काढू या ना. माझ्या कॉलेजच्या फीला तेवढीच मदत."

त्याचं शेवटचं वाक्य ऐकून मी त्याला एका शब्दात नाही म्हणू शकले नाही. हाच प्रश्न वर्गातली मुलंही विचारतात, आणि बहुतेकांच्या मनात पैशाची खरी गरज असते. म्हणून आम्ही दोघांनी बसून पूर्ण हिशेब केला. तोच इथे मांडते आहे.

बिटकॉइन हे फक्त कॉम्प्युटरवर असणारं डिजिटल नाणं. अशा नाण्यांना क्रिप्टो म्हणतात. त्यांचं मायनिंग म्हणजे काय ते आधी पाहू. 'खाणकाम' या शब्दामुळे वाटतं की नाणी कुठेतरी पुरलेली आहेत आणि कॉम्प्युटर ती उकरून काढतो. प्रत्यक्षात हे वही लिहिण्याचं काम आहे. कोणी कोणाला किती दिले याची एक सार्वजनिक खतावणी जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर ठेवलेली असते. बँकेत खतावणी लिहायला बँकेचा माणूस असतो. इथे मालकच नाही, मग पुढचं पान लिहिण्याचा हक्क कोणाला द्यायचा? २००९ च्या जानेवारीत सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइन सुरू करणाऱ्याने उत्तर काढलं ते असं : एक कोडं घालायचं, जो ते आधी सोडवेल त्याने पान लिहायचं, आणि मेहनताना म्हणून त्याला नवी नाणी द्यायची. या पानाला ब्लॉक म्हणतात. साधारण दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक तयार होतो.

कोड्यात हुशारी अजिबात लागत नाही, नुसता अंदाज लावत राहायचा असतो. ब्लॉकमधला सगळा मजकूर आणि एक मनाने घेतलेला आकडा एसएचए-२५६ नावाच्या सूत्रातून काढला, की ६४ चिन्हांची एक ओळ मिळते. तिला हॅश म्हणतात. मजकुरात एक अक्षर जरी बदललं तरी अख्खी ओळ बदलते, आणि ती काय येणार हे आधी कळायला कोणताही मार्ग नाही. ही ओळ ठरावीक संख्येच्या शून्यांनी सुरू व्हायला हवी, ही अट. सोळा बाजूंचा फासा फेकतो आहोत आणि ओळीने सगळी शून्यं पडायला हवीत, असं समजा. एक शून्य वाढलं की काम सोळापट अवघड होतं.

हे ऐकून कळत नाही, करून पाहिल्यावर कळतं. म्हणून भाच्याला पायथनमध्ये दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहायला लावला : त्याचं नाव, त्याच्यापुढे १, २, ३ असे वाढते आकडे, प्रत्येकाचा हॅश काढायचा आणि पुढची शून्यं मोजायची. माझ्या साध्या डेस्कटॉपवर सेकंदाला सुमारे दहा लाख हॅश होत होते. चार शून्यं एंटर दाबताच आली. पाच शून्यांना दोनेक सेकंद लागले, सहा शून्यांना नऊ. सातला सरासरीने साडेचार मिनिटं लागायला हवी होती. नशीब आडवं आलं आणि अकरा मिनिटं लागली. तोवर तो खुर्चीच्या कडेवर येऊन बसला होता. आठ शून्यांना सरासरी सव्वा तास लागेल असा हिशेब निघाला. तो प्रोग्रॅम रात्री जेवणानंतर लावायचा ठरला.

बिटकॉइनच्या पहिल्या ब्लॉकचा हॅश दहा शून्यांनी सुरू होतो. आज एकोणीस-वीस शून्यं लागतात. आमच्या प्रोग्रॅमच्या वेगाने वीस शून्यं गाठायला सरासरी तीन हजार आठशे कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वयच सुमारे एक हजार तीनशे ऐंशी कोटी वर्षं आहे. मायनिंगसाठीच बनवलेलं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरचे सगळे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले हिशेब करणारे भाग, वापरून याच्या वीसपट वेगाने चालेल, पण त्याने काय साधणार?

एक सातोशी, तीन वर्षं

"पण मावशी, सगळे मिळून करतात ना? पूलमध्ये?" भाच्याचा हा प्रश्न रास्त होता. पूल म्हणजे अनेकांनी एकत्र अंदाज लावायचे आणि ब्लॉक लागला की ज्याने जेवढे अंदाज लावले त्या प्रमाणात वाटणी करायची. त्याने नशिबाचा चढउतार जातो, सरासरी मात्र तीच राहते. ती सरासरी किती, ते काढू.

बिटकॉइनमध्ये एका ब्लॉकला सुरुवातीला ५० नाणी मिळत. साधारण दर चार वर्षांनी हा आकडा निम्मा होतो : २०१२ मध्ये २५, २०१६ मध्ये १२.५, २०२० मध्ये ६.२५ आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५. दिवसाला १४४ ब्लॉक धरले तर साऱ्या जगात मिळून रोज ४५० नवी नाणी येतात. २०२५ मध्ये जगभरच्या यंत्रांचा एकत्रित वेग सेकंदाला एकावर एकवीस शून्यं इतक्या हॅशच्या आसपास पोचला. साध्या घरगुती कॉम्प्युटरचा वेग सेकंदाला दोन कोटी धरू.

भागाकार केला की आपल्या वाट्याला दिवसाला ०.०००९ सातोशी येतात. सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग. एक आख्खा सातोशी मिळायला तीन वर्षं लागतात. हिशेबाच्या सोयीसाठी एक बिटकॉइन एक कोटी रुपयांचा धरला तर एक सातोशी म्हणजे दहा पैसे.

तीन वर्षं रात्रंदिवस कॉम्प्युटर चालवून दहा पैसे. प्लगला लावायचं वॅटमीटर माझ्याकडे आहे. नुसता चालू असलेला डेस्कटॉप ३५ वॅट दाखवत होता. सगळे कोअर कामाला लावल्यावर आकडा १०० वर गेला. १०० वॅटने दिवसाला २.४ युनिट, तीन वर्षांत २,६२८ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर सव्वीस हजारांच्या वर बिल. म्हणजे खर्च कमाईच्या अडीच लाख पटींहून जास्त.

सगळं असं पहिल्यापासून नव्हतं. २००९ मध्ये साध्या कॉम्प्युटरवर खरोखर नाणी मिळत होती, आणि त्या काळातल्या गोष्टीच आजही फिरत असतात. २०१० मध्ये लोकांनी खेळांसाठी बनलेली ग्राफिक्स कार्डं या कामाला लावली. २०१३ पासून एसिक आली. ही यंत्रं हे एकच सूत्र चालवतात, दुसरं काहीही करू शकत नाहीत. अँटमायनर एस२१ या जातीचं एक यंत्र सेकंदाला दोनशे लाख कोटी हॅश करतं, म्हणजे माझ्या डेस्कटॉपसारख्या एक कोटी कॉम्प्युटरइतकं काम एका पेटीत.

मग कॉम्प्युटरवरच चालणारं नाणं घेतलं तर?

हा रस्ता खरा आहे, त्यामुळे इथे जरा थांबू. मोनेरो नावाचं एक नाणं आहे. त्याच्या मंडळींनी नोव्हेंबर २०१९ मध्ये रँडमएक्स ही पद्धत लागू केली. ती मुद्दाम अशी बनवली आहे की तिच्यावर साधा प्रोसेसर चांगला चालावा आणि खास यंत्रं बनवून फारसा फायदा होऊ नये. घरच्या कॉम्प्युटरवर मायनिंगचा अनुभव घ्यायचाच असेल तर हे त्यातल्या त्यात प्रामाणिक ठिकाण आहे असं माझं मत आहे.

आम्ही ते चालवून पाहिलं. काळ्या खिडकीत वेगाचे आकडे येत राहतात आणि पूलने आपलं काम स्वीकारलं की हिरव्या अक्षरांत 'ॲक्सेप्टेड' उमटतं. भाच्याचा चेहरा दर हिरव्या ओळीला उजळायचा. वेग होता सेकंदाला तीन हजार हॅश. दहा मिनिटांत प्रोसेसरचं तापमान ८८ अंशांवर गेलं, पंख्याचा आवाज हॉलपर्यंत यायला लागला. खोलीत आधीच चाळीसच्या वर पारा, त्यात हा शंभर वॅटचा हीटर.

मोनेरोत दर दोन मिनिटांनी ब्लॉक लागतो आणि त्याला ०.६ नाणं मिळतं, म्हणजे जगभरात रोज ४३२. २०२५ मध्ये जगाचा एकूण वेग सेकंदाला पाचशे कोटी हॅशच्या आसपास होता. त्यातला तीन हजारांचा वाटा म्हणजे रोज ०.०००२६ मोनेरो. एका मोनेरोला पंचवीस हजार रुपये धरले तर दिवसाला साडेसहा रुपये. वीज रोज २४ रुपयांची. शिवाय काही पूल ठरावीक रक्कम जमेपर्यंत पैसे सोडत नाहीत. ती अट ०.१ मोनेरोची असेल तर पहिला पैसा हातात यायला वर्षाहून जास्त लागेल.

सोळा कोअरचा महागडा, नीट बसवलेला प्रोसेसर असेल तर कमाई दिवसाला चाळीस रुपयांच्या घरात जाते, आणि विजेचा खर्चही तेवढाच येतो. फायदा म्हणण्यासारखं काही उरत नाही, प्रोसेसरची किंमत तर दूरच राहिली.

आणि दहा रुपयांचा दर मी सौम्यच धरला आहे. महावितरणचं घरगुती बिल हातात घेऊन पाहा. शंभर युनिटच्या पुढे गेलं की दर दुपटीजवळ जातो, तीनशेच्या पुढे आणखी चढतो. मायनिंगची वीज बिलात नेहमी वरच्या टप्प्यात पडते, कारण दिवे-पंखे-फ्रिजची वीज आधीच खालचा टप्पा खाऊन बसलेली असते. पुष्कळ जण एकूण बिलाला एकूण युनिटने भागून सरासरी दर काढतात आणि इथेच फसतात. तुमच्या बिलातल्या शेवटच्या युनिटचा दर किती, तोच मायनिंगचा दर.

ग्राफिक्स कार्डांचं म्हणाल तर त्यांचा मोठा आधार इथेरियम हे नाणं होतं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडून दिली आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. २०२१ मध्ये अवाच्या सवा भावाने कार्डं घेतलेल्यांची कार्डं एका दिवसात बेकार झाली. उरलेल्या छोट्या नाण्यांकडे सगळे एकदम वळले, आणि वाटेकरी वाढल्यावर वाटा आटला.

नफा कुठे जातो

मला वाटतं, खरा समजून घेण्याचा मुद्दा हा आहे. बिटकॉइनची अवघडपणाची पातळी दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, आपोआप बदलते. यंत्रं वाढली की कोडं अवघड होतं, कमी झाली की सोपं. नाण्याचा भाव चढला की लोक यंत्रं वाढवतात, कोडं अवघड होतं आणि प्रत्येकाचा वाटा पुन्हा घटतो. हे कुठवर चालतं? ज्याला वीज सर्वांत स्वस्त पडते त्याला जेमतेम परवडेल तिथवर. त्याहून बरीच महाग वीज असलेला सहसा तोट्यात जातो, मग त्याचं यंत्र नवं असलं तरी. "भाव वाढला की परवडेल" ही आशा म्हणूनच फार टिकत नाही.

ही स्पर्धा मग विजेच्या उगमापाशी जाऊन बसते. २०२१ मध्ये चीनने बंदी घालेपर्यंत सिचुआन प्रांतात पावसाळ्यातल्या जादा जलविद्युतेवर मोठमोठी केंद्रं चालायची. नंतर बरीच यंत्रं अमेरिकेत टेक्सासकडे आणि कझाकस्तानात गेली. आपल्या शेजारचा भूतान स्वतःच्या नद्यांवरच्या विजेवर सरकारी पातळीवर बिटकॉइन काढतो. आपल्या घरातला मीटर आणि भूतानचा धरणाशेजारचा मीटर एकाच शर्यतीत आहेत.

"मग एसिकच घेऊ या," हा पुढचा प्रश्न ओघाने येतोच. एस२१ ला ३,५०० वॅट लागतात. दिवसाला ८४ युनिट, महिन्याला अडीच हजारांच्या वर. एवढ्या वापराला पंधरा रुपये युनिट धरलं तरी बिल ३७-३८ हजार. वरच्याच आकड्यांनी कमाई काढली तर महिन्याला सुमारे २७ हजार. यंत्राची किंमत, आयातीचा खर्च आणि शेजारीपाजारी ऐकू जाणारा अखंड घरघराट यांत धरलेला नाही.

त्यातून कर. २०२२ पासून आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि वर सेस आहे. संपादनाच्या किमतीखेरीज कोणताही खर्च वजा होत नाही, आणि मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्च संपादनाच्या किमतीत धरता येणार नाही असं सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केलं. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही. विक्रीवर एक टक्का टीडीएस जातो तो वेगळा. हिशेबात तोटा असूनही कर भरायची वेळ येऊ शकते, ही गोष्ट नवख्या माणसाला कोणी आधी सांगत नाही.

मोनेरो विकणंही कठीण झालं आहे. व्यवहार लपवणारं नाणं म्हणून बायनान्स या क्रिप्टोच्या मोठ्या बाजाराने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते आपल्या यादीतून काढून टाकलं.

"वीज फुकट असेल तर?" हेही भाच्याने विचारलं. कॉलेजच्या लॅबची किंवा ऑफिसची वीज फुकट नसते. ती दुसऱ्याची असते. रशियात सारोवच्या अणुसंशोधन केंद्रातल्या काही अभियंत्यांना २०१८ मध्ये तिथल्या महासंगणकावर मायनिंग केल्याबद्दल ताब्यात घेतलं होतं. छतावर सोलर असेल तर नेट मीटरिंगमध्ये तुमच्या जादा युनिटचा हिशेब होतोच, म्हणजे त्या युनिटलाही किंमत आहे. मला खरोखर पटलेला एकच प्रकार आहे : माझ्या वर्गातला एक जुना विद्यार्थी कॅनडात असतो. तिथे हिवाळ्यात खोली विजेच्या हीटरने तापवतात. कॉम्प्युटरची शंभर वॅट उष्णता आणि हीटरची शंभर वॅट उष्णता सारखीच, म्हणून तेवढे महिने त्याला मोनेरोचे चार पैसे जवळजवळ वरकड पडतात. अकोल्यात याच्या बरोबर उलट आहे. तीच उष्णता बाहेर काढायला कूलर लावावा लागतो.

ज्याची मला खरी काळजी वाटते

दहा पैशांसाठी वीज जाळणं हे नुकसान मर्यादित असतं. पहिलं बिल आलं की माणूस थांबतो. घरच्या कॉम्प्युटरवर परवडत नाही हे कळल्यावर जो पुढचा माणूस दारात येतो, त्याची भीती जास्त. तो म्हणतो, "यंत्रं आमची, वीज आमची, तुम्ही फक्त पैसे गुंतवा." गेनबिटकॉइन प्रकरणात हेच झालं. महिन्याला दहा टक्के, अठरा महिने, असं आमिष दाखवून मायनिंगच्या नावाने लोकांकडून बिटकॉइन गोळा केल्याचा आरोप आहे. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये प्रमुख आरोपी अमित भारद्वाज याला अटक केली. पुढे तपास सीबीआयकडे गेला. महाराष्ट्रातल्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांची बचत यात अडकली.

वरचा हिशेब ज्याने एकदा स्वतः केला आहे त्याला अशी योजना ऐकताच खटकेल. कोडं दर दोन आठवड्यांनी बदलतं, मेहनताना चार वर्षांनी निम्मा होतो, भाव रोज हलतो. अशा धंद्यात महिन्याला ठरलेले दहा टक्के येणार कुठून?

फोनवर रोज एक बटण दाबून 'मायनिंग' करायला लावणाऱ्या ॲपचंही तसंच. ॲपलने जूनमध्ये आणि गुगलने जुलैमध्ये, २०१८ सालीच फोनच्या प्रोसेसरवर मायनिंग करणाऱ्या ॲपना आपल्या दुकानांतून बंदी केली. तेव्हा ते बटण दाबल्यावर तुमचा फोन कोणतंही कोडं सोडवत नसतो. तुमचा संपर्क-पत्ता, तुमच्या ओळखीचे लोक आणि तुमचा वेळ मात्र कुणाच्या तरी हाती जात असतो.

आणखी एक गोष्ट रोजच्या कामात दिसते. लोक संथ झालेला लॅपटॉप घेऊन येतात, काहीच उघडलेलं नसताना पंखा जोरात फिरत असतो. क्रॅक केलेल्या गेमबरोबर किंवा चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर लपून आलेला मोनेरोचा मायनर, म्हणजे मायनिंग करणारा प्रोग्रॅम, त्यात सापडतो. २०१७ ते २०१९ मध्ये कॉइनहाइव्ह नावाच्या सेवेमुळे हे नुसतं वेबपान उघडल्यावरही घडायचं. वीज तुमची, प्रोसेसर तुमचा, नाणी तिसऱ्याची. मशीन रिकामं असताना गरम होत असेल तर टास्क मॅनेजर (विंडोजमधली चालू कामांची यादी) उघडून प्रोसेसरच्या वापराचा रकाना पाहा. काही मायनर टास्क मॅनेजर उघडताच गप्प बसतात. त्यामुळे खिडकी उघडल्याबरोबर पंखा शांत झाला, तर संशय आणखी पक्का धरा आणि अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन करा.

रात्री साडेनऊला आठ शून्यांचा प्रोग्रॅम लावला. दहा वाजता वीज गेली, इन्व्हर्टरवर मशीन कसंबसं टिकलं. भाचा झोपायला तयार नव्हता. अकरा वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर ओळ आली : आठ शून्यं, पुढे छप्पन्न चिन्हं, आणि शेजारी सहाशे कोटींच्या घरातला तो आकडा, ज्याच्यामुळे ती ओळ निघाली. त्याने ती वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतली. मग त्याच आकड्याने पुन्हा हॅश काढून पाहिला, आणि उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत आलं. "शोधायला पावणेदोन तास आणि तपासायला काहीच नाही?" तो म्हणाला. सगळी खतावणी याच एका गोष्टीवर उभी आहे, हे मग मला त्याला सांगावं लागलं नाही.